समुद्राची बारावी पट्टी

आमच्या घरात कोणी लांब जायचं म्हणालं की आई आधी हात धुवून यायची. मग पुढच्या खोलीतल्या मेजावरचा पृथ्वीगोल जवळ ओढायची, अंगठा आमच्या शहरावर टेकवायची आणि करंगळी ताणून बघायची. जायचं ते शहर वितीच्या आत आलं तर खुशाल जा. बाहेर राहिलं तर विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. कोणी डॉक्टर व्हायला निघालेला असो, नाहीतर कोणाचं लग्न ठरलेलं असो, आईची करंगळी म्हणजे करंगळी.

त्यामागे कारण होतं, नाही असं नाही. आईची आई आजारी पडली तेव्हा आई सकाळीच निघाली होती. पोचली तेव्हा त्या घरात दिवे लागले होते आणि सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून तिनं ठरवून टाकलं की सकाळी निघून दिवे लागायच्या आत जिथं पोचता येतं, तेवढंच जग आपल्या उपयोगाचं. तेवढं म्हणजे किती, तर एक वीत. हा हिशोब तिनं कसा केला ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. पुढे नियमाला एक शेपूटही फुटलं: वितीबाहेर कोणी सापडलाच, तर त्यानं मुकाट्यानं परत यायचं. आमच्या एका काकांना असंच बोलावून घेतलं होतं. चांगला तिकडं संसार मांडून बसले होते बिचारे. मेजावर नवा गोल आला, त्यावर ते नखभर बाहेर निघाले, आणि पुढच्याच आठवड्यात कपाटं-बिपाटं घेऊन दारात हजर.

आणि मी. मला बंदराच्या शहरात नकाशांच्या छापखान्यात नोकरी लागली होती. बावीस वर्षांची होते. माझा हात असा चालायचा की मी नदी काढली तर लोक बोट लावून बघायचे, ओली आहे का म्हणून. आईनं मोजलं. वीत आणि एक बोट. एक बोट हो, फक्त एक. त्या बोटापायी मी चाळीस वर्षं इथं व्हार्निश लावत बसलेय. हे मी कीव यावी म्हणून सांगत नाही. मला राग आहे आणि तो मी सांगून मोकळी होते.

व्हार्निश लावते म्हणजे, आमचा धंदाच पृथ्वीगोलांचा, कारखाना घरामागंच. कागदाच्या लगद्याचे दोन अर्धे वाडगे साच्यावर करायचे, ते जोडायचे, वर पांढऱ्या मातीचा पातळ थर द्यायचा आणि घासून गुळगुळीत करायचा. छापखान्यातून जगाच्या बारा पट्ट्या येतात, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. त्या खळ लावून, ओल्या असतानाच बोटांनी सरकवत एकीला एक लागून बसवायच्या. कारखान्याचा कायदा एकच, वडिलांच्या वेळेपासूनचा: मेजावरचा गोल खरा. त्याच्यात आणि दुसऱ्या कुठल्या गोलात फरक दिसला तर दुसरा चुकला. वाद घालायचा नाही, मेजापाशी जाऊन बघून यायचं.

आता भिंगरी. माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक पोरगी. रांगत होती तेव्हापासून कारखान्यातले गोल गरगर फिरवत बसायची, म्हणून भिंगरी. मोठी झाली आणि तिनं काम काय शोधून काढलं, तर कृत्रिम डोळे रंगवायचं. अपघातात कोणाचा डोळा गेला तर उरलेल्या डोळ्यासारखा दुसरा रंगवायचा, बारीक शिरांसकट. गोल वस्तूवर नाजूक काम, म्हणजे तसं घराण्यातलंच. पण ते नीट शिकवणारी बाई समुद्रापलीकडच्या शहरात. तिनं भिंगरीच्या हातचे दोन डोळे बघितले आणि तिला बोलावून घेतलं. शिक, म्हणाली, आणि इथंच काम कर.

भिंगरी आणि तिच्या बापानं आईच्या नकळत आधी मोजून बघितलं. आईची वीत दोघांना पाठ होती. वीत आणि चार बोटं निघाली. पोरगी त्या दिवशी जेवली नाही.

माझा भाऊ सज्जन आहे. म्हणजे त्याला आईला नाही म्हणता येत नाही, मुलीलाही नाही म्हणता येत नाही, आणि मग तो दोघींच्या मधे उभा राहून घाम पुसत बसतो. पण त्या वेळी त्याच्या अंगात काय संचारलं देव जाणे. कारखाना बंद असताना एका सुट्टीच्या दिवशी त्यानं एक नवा गोल केला. जरासा लहान. त्यावर अकराच पट्ट्या बसवल्या. समुद्राची मधली पट्टी, जिच्यावर निळ्या रंगाशिवाय काही म्हणजे काही नाही, ती त्यानं गाळून टाकली. बाकीच्या पट्ट्या लांबीला थोड्या जास्त झाल्या, तर दोन्ही ध्रुवांवरचं बर्फ कातरलं. बर्फाचं कोणाला काय पडलंय.

मग गोल घेऊन माझ्याकडे आला. "ताई, एक हात दे व्हार्निशचा. आणि काही विचारू नकोस."

मी गोल फिरवला आणि पट्ट्या मोजल्या. "माझ्या वेळी ही अक्कल कोणाला सुचली नव्हती," मी म्हणाले.

तो खाली बघत उभा राहिला. मी एक नाही, दोन हात दिले व्हार्निशचे. दिले म्हणजे काय, पोरगी दोन दिवस उपाशी होती.

जुना गोल त्यानं भिंगरीच्या सामानात, अंथरुणाच्या वळकटीत गुंडाळून ठेवला आणि नवा मेजावर मांडला. दुसऱ्या दिवशी आई हात धुवून आली. अंगठा टेकला, करंगळी ताणली, आणि ती बरोबर त्या शहराच्या ठिपक्यावर जाऊन बसली. भावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आईनं हात बराच वेळ तसाच ठेवला. मग उचलला आणि म्हणाली, "बसतंय." भिंगरी त्याच महिन्यात गेली.

इथं खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. पण आमचा कायदा.

कारखान्यातला खळवाला, म्हणजे पट्ट्या चिकटवणाऱ्यांचा मुकादम, सोमवारी सकाळी एक तयार गोल घेऊन सवयीनं मेजापाशी ताडून बघायला गेला. परत आला तो डोकं धरूनच. "सगळे गोल फुगलेत," म्हणाला. मेजावरचा गोल खरा, म्हणजे साचा चुकला. भाऊ काही बोलला असता तर आईच्या कानावर गेलं असतं, म्हणून तो मूग गिळून बसला. दुपारपर्यंत त्यांनी साचा छिलून लहान केला. लहान गोलावर बारावी पट्टी मावेना. तर त्यावरही तोडगा निघाला: छापखाना एक पट्टी जास्त देतोय, जुनं गिऱ्हाईक म्हणून भेट. खळवाल्यानं छापखान्याच्या मालकाला भेटून आभारसुद्धा मानले. मालकही गोंधळला, पण कोणी आभार मानत असेल तर नाही कशाला म्हणा.

मग काय, अकरा पट्ट्यांची पृथ्वी धडाधड विकायला लागली, आणि उरलेल्या समुद्राचे ढीग कोपऱ्यात साचले. चांगला जाड कागद. दुकानदार पुड्या बांधायला घेऊन गेले, बायकांनी फळ्यांवर अंथरला, पोरांनी वह्यांना कव्हरं घातली. सहा महिन्यांत शहरात अशी वस्तू उरली नाही जी समुद्रात गुंडाळलेली नव्हती.

शाळेतल्या मास्तरांनी एकदा तक्रार आणली की गोल आणि भूगोलाचं पुस्तक जुळत नाही. खळवाल्यानं त्यांना मेजापाशी नेऊन दाखवलं. मास्तर समाधानानं परत गेले आणि त्यांनी मुलांकडून पुस्तकातले आकडे खोडून घेतले.

सगळ्यात कहर तिकीटवाल्याचा. चौकात त्याचं विमान तिकिटांचं दुकान, काउंटरवर आमचाच गोल आणि शेजारी दोरा. गिऱ्हाईक आलं की दोरा गोलावर धरायचा, मग पट्टीला लावायचा आणि किती तास लागतील ते सांगायचं. समुद्रापलीकडच्या शहराला दहा तास. विमान कंपनीच्या कागदावर छापलेलं असायचं चौदा. तो पेनानं खोडून वर दहा लिहून द्यायचा. म्हणायचा, कंपनीवाले वाढवूनच सांगतात, म्हणजे विमान लवकर पोचलं असं वाटावं.

तुम्ही म्हणाल, लोक जाऊन येत होते ना, त्यांना कळलं नाही? कसं कळणार? तिकडचं घड्याळ वेगळं. जाताना बघावं तर घड्याळात सहाच तास गेलेले. येताना बघावं तर बावीस. असल्या घड्याळावर कोण शहाणा माणूस विश्वास ठेवेल? त्यापेक्षा गोल दहा म्हणतोय ना, दहाच खरे. अंग आंबून जायचं, पाय सुजायचे, त्याचं खापर पायलटवर फुटायचं. रस्ता चुकला असेल, मधे कुठं थांबला असेल. आमच्या शहरात पायलट लोकांची इतकी नाचक्की झाली होती की एका पायलटचं ठरलेलं लग्न मोडलं.

अशी चार वर्षं गेली. भिंगरी तिकडं नावारूपाला आली. फोनवर सांगायची, आज एका म्हाताऱ्या बाईचा डोळा केला, बाई आरशात बघून रडली, तर दुसऱ्या डोळ्यातून. तिथल्या बाईनं तिला आता दुकानात भागीदार करून घ्यायचं ठरवलं होतं. आणि नेमकं तेव्हाच आई एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "भिंगरीकडं जाऊन येऊ."

भावानं कप खाली ठेवला. "आई, एवढ्या लांब?"

"लांब कुठं? वितीच्या आत आहे ना," आई म्हणाली. "सकाळी निघू, दिवे लागायच्या आत पोचू. नियमच आहे तसा."

आता आली का पंचाईत. वितीच्या आत नाही म्हणावं, तर भिंगरीला उद्याच्या उद्या परत यावं लागणार. आत आहे म्हणावं, तर म्हातारीला विमानात बसवून चौदा तास उडवायचं आणि दहाव्या तासाला ती विचारणार, आलं का? भावानं मला व्हार्निशच्या खोलीत गाठलं. "ताई, तू सोबत चल. मला एकट्याला जमायचं नाही."

"केलंस तू आणि निस्तरायला मी," मी म्हणाले. पण गेले. भावजय आली नाही. ती लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटून उभी राहते, तिला विमानात बसवणं म्हणजे आणखी एक प्रकरण.

सकाळी सातला विमान सुटलं. निम्मं विमान आमच्याच शहरातलं. पुढच्या रांगेत मास्तर, मुलाकडे निघालेले. मागे खळवाल्याची थोरली बहीण, तिच्या मांडीवर पुड्यांची पिशवी. आई खिडकीपाशी, मी मधे, भाऊ कडेला. आईनं पट्टा बांधला, पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हात पर्सवर ठेवून बसली. सिनेमा लावला नाही, झोपली नाही. फक्त मधून मधून बाहेर सूर्याकडे बघायची. आम्ही सूर्याच्या मागं मागंच चाललो होतो, त्यामुळे तो काही लवकर पुढं सरकत नव्हता.

दहावा तास जवळ आला तसा भाऊ तीनदा तोंड धुवून आला. आणि दहावा तास भरला, तेव्हा आई नाही, मास्तर उठले. त्यांनी वरचं कपाट उघडून बॅग काढली. त्यांचं बघून मागचे उठले. बघता बघता निम्मं विमान बॅगा घेऊन रांगेत उभं, जणू पुढच्या वळणावर दार उघडणार आहे. उरलेले निम्मे घाबरून आमच्याकडे बघायला लागले.

हवाई सुंदरी धावत आली. "काका, बसून घ्या. अजून चार तास आहेत."

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. "दहा तास झाले."

तिनं खुर्चीमागच्या पडद्यावरचा नकाशा दाखवला. निळ्या रंगाच्या मधोमध एक चिमुकलं विमान. मास्तरांनी चष्मा वर करून बघितलं. "हा नकाशा चुकलाय. इथं एवढा समुद्र नाही."

"काका, खिडकीतून बघा."

मास्तर वाकून बघून आले. खाली समुद्रच होता. "पायलट रस्ता चुकलाय," त्यांनी जाहीर केलं, आणि मागून दहा-पंधरा जणांनी, आम्हाला वाटलंच होतं, अशी मान हलवली. कोणीतरी पायलटला बाहेर बोलवा म्हणालं. शेवटी दोन पायलटांपैकी धाकटा खरंच बाहेर आला. सरळ मनाचा माणूस. म्हणाला, "मी ह्या रस्त्यानं दर आठवड्याला जातो हो. हा समुद्र इथंच असतो."

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

भाऊ खुर्चीत इतका खाली घसरला होता की मला फक्त त्याचे केस दिसत होते. आणि तेवढ्यात माझ्या बाजूनं पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

आईनं पर्समधून एक घडी काढली. उलगडून पुढच्या टेबलावर पसरली आणि हातानं सुरकुत्या सपाट केल्या. निळी पट्टी, मधे रुंद, टोकांना निमुळती. एका कडेला वाळलेली खळ.

"आता आपण ह्याच्यावर आहोत," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण आमच्या शहरात तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. "ही संपली की पोचू. बसा खाली."

मास्तरांनी पट्टी बघितली. मग खळवाल्याच्या बहिणीनं स्वतःच्या पिशवीकडे बघितलं. प्रत्येक पुडी तसल्याच पट्टीत बांधलेली. तिनं एक सोडली आणि टेबलावर पसरली. मग दुसऱ्यानं सोडली. पाच मिनिटांत आमची अख्खी माणसं पुड्या सोडून समुद्र पसरून बसली होती. मास्तर बोटानं विमान कुठवर आलं ते स्वतःच्या पट्टीवर सरकवत होते. धाकटा पायलट थोडा वेळ बघत उभा राहिला आणि आत निघून गेला.

"आई," भाऊ म्हणाला. "ही कुठं मिळाली तुला?"

"तुझ्या कोटाचा खिसा उसवला होता. शिवायला घेतला तेव्हा आत होती."

"कधी?"

"मी मोजलं त्याच्या आदल्या दिवशी."

इतकी वर्षं आम्ही दोघं चोरासारखे वागत होतो आणि माल हिच्या पर्समध्ये.

"मग तू बसतंय म्हणालीस ते?" भावानं विचारलं.

"बसतच होतं. मी काय खोटं बोलले?" आईनं खिडकीबाहेर बघितलं. "पण त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. पोरगी खरंच वितीच्या आत आहे की बाहेर, ते मला कळायला हवं. म्हणून निघालेय. सकाळी निघालोय. दिवे लागायच्या आत पोचलो तर आत."

"आणि लागले असतील तर?"

"तर तिचं सामान भरायला आपण तिघं आहोतच."

हे मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं आणि तिथून सगळ्या विमानात. उरलेला वेळ आमच्या शहरातलं एक माणूस झोपलं नाही. खिडक्यांचे सगळे पडदे वर. सगळ्यांचं लक्ष सूर्यावर. मास्तर अधूनमधून उठून सांगायचे, अजून बराच वर आहे. माझा भाऊ तर दोन्ही हात मांडीत दाबून सूर्याकडे असा बघत होता की तो जरा हलला तर हा त्याला धरून ठेवणार. भिंगरीचे ते रंगवलेले डोळे, ती आरशात रडलेली बाई, ते दुकान, सगळं आता उन्हावर टांगलेलं.

विमान उतरलं तेव्हा बाहेर लख्ख दुपार होती. भावानं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. आमची माणसं आईकडे बघून हसत हसत उतरली. आम्ही उतरलो, लांबच लांब बोळातून चालत विमानतळाच्या मोठ्या दालनात आलो. आणि आई थांबली.

ती वर बघत होती. छतावर दिवे. रांगाच्या रांगा, पांढरे शुभ्र, एकूण एक लागलेले.

"दिवे लागलेत," आई म्हणाली.

"आई, विमानतळावर दिवे कायम असतात," भाऊ म्हणाला. "दिवसासुद्धा. ते धरायचे नाहीत."

"लागलेत की नाही?"

"लागलेत, पण..."

"मग झालं." आईचा चेहरा एकदम लहान झाला. तिला तसं व्हायला नको होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण तिचा नियम तिच्याही वरचढ होता. ती सामानाच्या गाडीचा दांडा धरून उभी राहिली. "भिंगरीला सांगा, सामान भर."

भाऊ घाम पुसायला लागला. आणि माझं डोकं फिरलं.

"आई, बाहेर चल," मी म्हणाले.

"कशाला?"

"चल म्हणतेय ना." मी तिचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा धरलं. "एका बोटापायी तू मला घरात बसवलंस. मी बसले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या समुद्राला चकाकी देत बसले, तोंडातून ब्र काढला नाही. पण ट्यूबलाइटच्या नावाखाली तू त्या पोरीला ओढून नेणार असशील, तर मी तुझ्याबरोबर घरी येणार नाही. इथंच ह्या दिव्यांखाली बसून राहीन."

लोक वळून बघत होते. बघू देत. आई माझ्याकडे बघत राहिली. मग दांडा सोडून चालायला लागली आणि मी तिला काचेच्या दारातून बाहेर काढलं.

बाहेर कडक ऊन होतं. रस्त्यावरचे खांब बंद, समोरच्या इमारतीच्या खिडक्या बंद, कुठं एक दिवा नाही. आईनं डोळ्यांवर आडवा हात धरून वर बघितलं. बराच वेळ बघितलं. सावल्या पायाशी गोळा झाल्या होत्या.

"ऊन आहे," ती म्हणाली.

"आहे," मी म्हणाले.

भिंगरी कठड्याला टेकून उभी होती. धावत आली नाही. तिच्या पायाशी एक मोठी बॅग होती, पट्टे आवळून बांधलेली. आईनं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि मग त्या बॅगेकडे बोट केलं. "ही कुणाची?"

"माझी," भिंगरी म्हणाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "परत यायला. मला माहीत होतं, आजी, तू वाटेत मोजणार."

"मोजलं," आई म्हणाली. "दिवे लागायच्या आत पोचलो. ती बॅग घरी ने आणि सोड."

माझा भाऊ तिथंच फुटपाथवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मास्तर शेजारून जाताना त्याच्या खांद्यावर थोपटून गेले.

पुढं कारखान्यात काय झालं, ते सांगून टाकते, कारण लोक विचारतात. मेजावरचा गोल खराच राहिला. कायदा आहे तो. आम्ही अजूनही अकरा पट्ट्याच चिकटवतो. फक्त आता प्रत्येक गोलाबरोबर बारावी पट्टी घडी करून वेगळी देतो, लांबच्या प्रवासाला लागली तर असावी म्हणून. तिकीटवाला दहा तास अधिक एक पट्टी असं लिहून देतो. कोणाची तक्रार नाही.

पण त्या दिवशी दुपारी आम्ही भिंगरीच्या घरी गेलो. एकच खोली, खिडकीपाशी कामाचं टेबल. ताटलीत सहा-सात डोळे वाळत ठेवलेले, सगळे छताकडे बघत. आणि कोपऱ्यात स्टुलावर आमचा जुना गोल, बारा पट्ट्यांचा, आमच्या वडिलांच्या हातचा. आईनं ज्याच्यावर सगळ्यांना मोजलं होतं तो.

आई त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता मोजते. भावालाही तेच वाटलं असणार, तो उठून उभा राहिला. पण आईनं नुसता गोल माझ्याकडे वळवला.

"तू मोज," म्हणाली.

"काय मोजू?"

"तुला माहितेय काय."

मी हात धुवून आले. सवयच तशी. अंगठा आमच्या शहरावर टेकवला आणि करंगळी बंदराच्या शहराकडे नेली. मुद्दाम ताणली नाही. ती त्या ठिपक्यावर पोचली, पोचून थोडी पुढं पाण्यात गेली.

आईनं वाकून बघितलं.

"तुझी वीत मोठी आहे," आई म्हणाली.

"तेव्हाही एवढीच होती."

आई खुर्चीवर बसली. माझ्या हाताकडे बघत होती, जणू तो तिनं आधी कधी बघितलाच नव्हता. "मी तुला मोजू द्यायला हवं होतं," ती म्हणाली.

भाऊ चहा करायला गेला. भिंगरीनं बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले. बाहेर हळूहळू अंधारलं, समोरच्या इमारतीत एकेक खिडकी उजळायला लागली. भिंगरीनं उठून खोलीतला दिवा लावला, तरी मी हात उचलला नव्हता.